पोलिओनंतरचे नवे दुबळेपण : ओळख आणि उपाय

भारतात पोलिओच्या मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. परंतु त्याआधी ज्यांना पोलिओ झाला, ते बंधू-भगिनी आज बारामती, इंदापूर तालुक्यांच्या गावोगावी चाळिशी-साठीत आहेत. त्यांच्यापैकी काहींना आता पुन्हा अशक्तपणा जाणवतो. घरचे म्हणतात, "वय झालं", नाहीतर "आळस आहे". हा आळस नव्हे. यास पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात.

असे का होते? पोलिओत मज्जारज्जूतील स्नायू हलविणाऱ्या अनेक पेशी मरतात. उरलेल्या पेशी नवे फाटे फोडून मेलेल्यांचे कामही अंगावर घेतात. दुप्पट-तिप्पट भार वर्षानुवर्षे वाहून त्या थकतात व फाटे गळू लागतात. विषाणू परत आलेला नसतो आणि हा आजार कोणालाही लागत नाही.

लक्षणे अशी : पंधरा वर्षांहून अधिक काळ प्रकृती स्थिर राहिल्यावर नव्याने येणारा अशक्तपणा, थोड्या कामाने अतिथकवा, स्नायू व सांधे दुखणे, थंडी सहन न होणे, काहींना गिळताना वा श्वास घेताना त्रास. 'चांगल्या' पायातही अशक्तपणा येऊ शकतो. मात्र रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह व मणक्याचे विकार डॉक्टरांकडून आधी तपासून घ्यावेत. ते नसतील तरच हे निदान करतात.

हा आजार मुळापासून बरा करणारे औषध नाही. भौतिकोपचाराचा आधार मात्र मोठा आहे. येथे "जितका व्यायाम तितकी ताकद" हा समज घातक ठरतो. विद्यार्थ्यांनी प्रत्येक स्नायूची ताकद शून्य ते पाच अशी मोजावी. जो स्नायू वजनाविरुद्ध हात-पाय नीट उचलू शकतो, त्यालाच हलका व्यायाम द्यावा, तोही एक दिवसाआड, मध्ये विश्रांती घेऊन. दुसऱ्या दिवशीही दुखणे वा थकवा राहिला तर व्यायाम जास्त झाला असे समजावे. फार दुबळ्या स्नायूला व्यायामापेक्षा कॅलिपर, काठी वा कुबडीचा आधार द्यावा.

घरी कामाचे तुकडे पाडावेत. भाजी निवडणे, भाकरी करणे बसून करावे. खुरपणीला गेलेल्यांनी थकण्यापूर्वीच बसावे. वजन आटोक्यात ठेवावे, पाय उबदार ठेवावेत. शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना पोलिओची माहिती अवश्य द्यावी.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यान्वये ४० टक्के वा अधिक अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर सवलती मिळतात. जुने प्रमाणपत्र असूनही दुबळेपण वाढले असेल, तर फेरतपासणीसाठी शासकीय रुग्णालयात चौकशी करावी.

भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला वीणेचा दाखला दिला होता : तार फार ताणली वा फार सैल सोडली, तर सूर लागत नाही. या रुग्णांनाही तोच मध्यम मार्ग तारक आहे. त्यांना आळशी न म्हणता बसायला पाट व धरायला हात देणे, ही आपली करुणा होय.