कुलूप लागले आहे. पण किल्ली कोणाकडे?

सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडीहून बार्शीकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. रूळ एकच आणि गाड्या दोन्ही दिशांच्या. अशा एकेरी मार्गांवर टक्कर टाळण्यासाठी भारतीय रेल्वेत 'टोकन' पद्धत रूढ झाली. लगतच्या दोन स्थानकांतील यंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असतात आणि त्यांतून एका वेळी एकच धातूचा गोळा बाहेर काढता येतो. तो हाती आल्याखेरीज चालकाने गाडी पुढे न्यायची नाही. शिवाय गोळा आपल्याच टप्प्याचा आहे, हेही त्याने पाहून घ्यायचे.

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. तेथेही हाच प्रश्न उभा राहतो. अनेक प्रोसेसर एकाच वेळी एकाच माहितीला हात घालू लागले, तर ती बिघडते. म्हणून त्या माहितीला 'लॉक' असते. ज्याने लॉक घेतले, त्यानेच बदल करावा, हा नियम. परंतु कर्नलमधील अनेक फंक्शन स्वतः लॉक घेत नाहीत. बोलावणाऱ्याने ते आधीच घेतले आहे, असे गृहीत धरतात. हे गृहीतक चुकले, तर संगणक लगेच बंद पडतोच असे नाही. माहिती निमूटपणे बिघडते आणि दोष कित्येक दिवसांनी भलत्याच ठिकाणी प्रकट होतो. त्यामुळे फंक्शनच्या आरंभीच खातरजमा करणारी एक ओळ लिहिण्याची प्रथा पडली.

ही ओळ नेमके काय विचारते, यातच रचनेची खरी कसोटी आहे. 'लॉक लागले आहे का?' हा प्रश्न अपुरा ठरतो. लॉक दुसऱ्याच कोणी घेतले असले, तरी उत्तर 'होय' असेच येते. पुढचा टप्पा व्यापलेला आहे एवढे कळल्याने गोळा आपल्या हाती आला, असे होत नाही. एकाच प्रोसेसरसाठी बांधलेल्या लिनक्स कर्नलमध्ये तर आणखी एक पेच आहे. तेथे 'स्पिनलॉक' प्रत्यक्षात शिल्लकच उरत नाही. म्हणून 'लागले आहे का?' याचे उत्तर नेहमीच 'नाही' येते. त्यावर विसंबणारी तपासणी निर्दोष कार्यक्रमालाही दोषी ठरवू शकते.

योग्य प्रश्न आहे, 'लॉक तुझ्याकडे आहे का?' इन्गो मोल्नार यांची 'लॉकडेप' ही तपासणी यंत्रणा २००६ मध्ये लिनक्सच्या २.६.१८ या आवृत्तीत आली. कोणत्या कार्याने कोणते लॉक घेतले, याची ती नोंद ठेवते. पुढे तिच्या आधारे 'लॉकडेप असर्ट हेल्ड' ही सोय झाली. चालू कार्याकडे लॉक नसेल, तर ती इशारा नोंदवते. फ्रीबीएसडीमधील 'एमटीएक्स असर्ट' हीदेखील चालू थ्रेडकडेच मालकी आहे का, हे विचारू शकते.

अशा सोयीची आणखी दोन पथ्ये आहेत. तिने होय-नाही असे उत्तर परत देऊ नये. दिल्यास त्यावर विसंबून निर्णय घेण्याचा मोह होतो. आणि चाचणीची यंत्रणा वगळून बांधलेल्या कर्नलमध्ये तिचा भार उरू नये. लिनक्समध्ये लॉकडेप वगळल्यास ही ओळ जवळजवळ नाहीशी होते.

मर्यादा एवढीच, की जो मार्ग चाचणीत चाललाच नाही, त्यावरील चूक तिला दिसत नाही. मात्र तपासणी बंद असतानाही ती ओळ वाचणाऱ्याला नियम सांगत राहते. टिपणीतील सूचना कालांतराने जुनी होते; ही ओळ चुकीची ठरली, तर पुढच्या चाचणीतच बोलते.