फाइल पोचली, मालक पोचला नाही

लिनक्सवरून नासवरच्या शेअरमध्ये फोल्डर टाकताना ‘मालकी राखता आली नाही’ अशा अर्थाच्या ओळी धडाधड येऊ लागल्या, की कॉपी फसली असंच वाटतं. आधी शेअर उघडून फाइल बघा. बहुतेक वेळा ती पूर्ण पोचलेली असते. जमिनीचा ताबा मिळाला, फेरफार तेवढा नोंदला गेला नाही, असा हा प्रकार.

लिनक्स मालकाला नावानं नाही, आकड्यानं ओळखतं. ‘एलएस -एलएन’ चालवा, नावांच्या जागी आकडे दिसतील. लॅपटॉपवरच्या पहिल्या वापरकर्त्याचा बहुधा १०००. कॉपी करणाऱ्या सीपी कमांडला ‘-ए’ किंवा ‘-पी’ लावलं की मजकूर उतरवल्यावर ती हाच आकडा नव्या फाइलवर चढवायला बघते. विंडोज पद्धतीच्या, म्हणजे एसएमबी शेअरवर ते सहसा जमत नाही, कारण तिथं दिसणारा मालक माउंट करतानाच ठरलेला असतो. गंमत म्हणजे सुडो लावलं की तक्रारी वाढतात. साध्या वापरकर्त्याला मालक बदलायचा हक्क नसतोच, म्हणून त्याच्या वेळी सीपी हा नकार मुकाट गिळते. रूटला नकार मिळाला की बोंब मारते.

एसएमबीवर मग मालकीचा हट्ट सोडायचा. माउंटच्या पर्यायांत यूआयडी-जीआयडी म्हणून आपले आकडे द्या (‘आयडी’ कमांड ते सांगते). कॉपीला ‘-ए’ऐवजी ‘-आर’ आणि फक्त तारीख-वेळ जपणारा पर्याय पुरतो. आरसिंकला ‘-आरटी’ द्या. ‘-ए’ ठेवलं तर फाइली जाऊनही तो शेवटी कोड २३ देतो आणि रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट त्यालाच अपयश समजते.

एनएफएस शेअरचं दुखणं वेगळं. तिथं मालकी खरोखर साठते, पण रूट-स्क्वॉशमुळे सर्व्हर तुमच्या रूटला ‘नोबडी’ करून टाकतो. आकडा बहुधा ६५५३४. म्हणून सुडो असूनही मालक बदलत नाही. हे संरक्षण बंद करण्याचा मोह होतो, पण मग त्या क्लायंटवर रूट असलेला कुणीही शेअरवरही रूट ठरतो. त्यापेक्षा एका माणसाचा आकडा दोन्ही मशीनवर एकच ठेवा.

मालकी हवीच असेल, उदाहरणार्थ सिस्टिमच्या बॅकअपला, तर टार फाइल बांधून ती शेअरवर ठेवा. मालकांची नोंद आतच राहते. रूट म्हणून उघडली की परत मिळते.

आणि वैतागून सगळ्या फोल्डरला ७७७ देऊ नका. त्यानं परवानग्या सैल होतात, मालक बदलत नाही.