बंद खोलीतला गांजा आणि नौगावचा पोद्दार

बँकॉकहून आलेल्या उतारूच्या सामानात, खाऊच्या पाकिटांआड दडवलेला ‘हायड्रोपोनिक गांजा’ मुंबईच्या विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांच्या हाती लागला, ही बातमी आता इतक्या वेळा छापून येते की वाचकाची नजर मुद्देमालाच्या कोटीतल्या किमतीवर क्षणभर ठरते आणि पुढच्या मथळ्याकडे वळते. मला त्या बातमीत किमतीपेक्षा ते विशेषण अधिक विचार करावयास लावते. जी वनस्पती हिमालयाच्या उतारावर कोणी न पेरता उगवते, जी आपल्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याच्या उन्हात एके काळी सरकारी परवान्याने पिकत होती, ती परदेशातल्या खिडकी नसलेल्या खोलीत, विजेच्या प्रकाशावर वाढून, विमानाने आपल्याकडे यावी आणि देशी मालाच्या कितीतरी पट भावाने विकली जावी, हा प्रकार केवळ पोलीस-पंचनाम्याचा विषय नाही.

‘हायड्रोपोनिक’ म्हणजे मातीविना, पोषक द्रव्ये विरघळवलेल्या पाण्यावर केलेली लागवड. पण व्यवहारात अशा खोल्यांतून पुष्कळदा साधी माती वा नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, वापरले जाते, आणि बातम्यांत मात्र खोलीत वाढलेल्या सर्वच मालास एकच नाव चिकटते. खरा भेद माती आणि पाणी यांत नसून ऊन आणि दिवा यांत आहे.

दिव्याखालची ही लागवड काही देशांत आता घरच्या घरी कायद्यानेही करता येते. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ रहिवाशास घरी गांज्याची तीन झाडे लावण्याची मुभा दिली. अट अशी की तो किमान सहा महिने त्या देशात राहत असावा आणि झाडे मुलांच्या हाती लागू नयेत. कॅनडाने बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडांची मुभा २०१८ मध्येच दिली होती. त्यामुळे ज्याने जन्मात तुळशीचे रोपही जगवले नाही, असा नवशिका माणूस आज बर्लिनच्या एखाद्या सदनिकेत आतून चंदेरी अस्तर लावलेला, कपाटाएवढा काळा तंबू उभारतो, त्यात दिवा टांगतो, पंखा बसवतो, दर्प बाहेर जाऊ नये म्हणून कोळशाची गाळणी जोडतो, आणि मग दमटपणाच्या काट्याकडे दिवसातून दहा वेळा पाहतो. अशा माणसाची पहिली चूक बहुधा हयगयीची नसून अतिलोभाची असते: तो पाणी फार घालतो, खत फार घालतो, आणि मुळांना श्वास न मिळाल्याने पाने मरगळून लोंबू लागली की तहान लागली असे समजून आणखी पाणी घालतो. पुढे घट्ट फुलोरा धरला आणि कोंदट हवा हलली नाही, तर फुलाच्या गाभ्यात राखाडी बुरशी शिरते आणि सारी मेहनत टाकून द्यावी लागते.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी असलेले तत्त्व आपल्या शेवंतीच्या बागायतदारास ठाऊक आहे. गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीन यांवरून दाखवून दिले की काही वनस्पती फुलोऱ्याचा काळ दिवसरात्रीच्या लांबीवरून ओळखतात. शेवंती त्यांतलीच, रात्र मोठी होऊ लागली की ती कळ्या धरते, म्हणून फुले उशिरा हवी असतील तर शेतात रात्री दिवे लावतात. गांजाही याच जातकुळीचा. खोलीतला माणूस आधी दिवस कृत्रिम रीतीने लांबवून झाडास वाढवतो आणि मग रात्र लांबवून फुलवतो. म्हणजे आषाढ आणि कार्तिक हे दोन्ही त्याच्या भिंतीवरच्या बटणात असतात.

परंतु या विद्येचा जो अत्यंत कठीण भाग, तो बटणात नव्हता. तो माणसाच्या डोळ्यांत होता, आणि तो माणूस आपल्याच देशातला होता. गांज्याची नरझाडे वेगळी आणि मादीझाडे वेगळी. मादी फळली की तिचे बळ बियांत जाते. परागापासून दूर राखली तर फुलोरा राळेने चिकट होत राहतो, आणि ती राळ हाच गांज्याचा जीव. तेव्हा शेतात एकही नर राहता कामा नये. राजशाही जिल्ह्यातल्या, आज बांगलादेशात गेलेल्या नौगावच्या मुलखात हे काम ‘पोद्दार’ नावाचा जाणकार करी. इंग्रज अंमलदार त्यास ‘गांजा डॉक्टर’ म्हणत. फुले उमलण्यापूर्वी, जेव्हा सामान्य शेतकऱ्यास दोन्ही झाडे सारखीच दिसतात, तेव्हा हा माणूस ओळीओळींतून चालत जाई, शेंडा पाही आणि नर वेगळा काढी. एका फेरीत हे काम संपत नसे. पोद्दार पुन्हा येई, कारण चुकून राहिलेला एखादा नरसुद्धा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पिकाचा घात करू शके. डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये बंगालमधल्या या लागवडीवर स्वतंत्र अहवाल लिहिला, आणि तो वाचताना एका निरक्षर परंपरेच्या सूक्ष्म निरीक्षणाबद्दल मला आदरच वाटत आला आहे. आजच्या खोलीत पोद्दाराचे काम उरलेले नाही. एकाच मादीच्या फांद्या तोडून केलेली छाट कलमे, किंवा मादीच निपजेल अशी तयार केलेली बियाणी, यांनी त्यास बेकार केले. नवशिक्यास झाड ओळखावे लागत नाही, आणि माझ्या मते ज्यास आपण लावलेले झाड ओळखता येत नाही, त्यास त्याच्या फुलाच्या सामर्थ्याचाही अंदाज येत नाही.

ते सामर्थ्य वाढले आहे, याविषयी शंका नको. रफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये इस्रायलात ज्या मादक द्रव्याचा शोध लावला, त्या ‘टीएचसी’चे प्रमाण अमेरिकेत जप्त झालेल्या मालात १९९५ च्या सुमारास ४ टक्के होते, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांवर गेले. आपला १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा मात्र फुलोऱ्याचे वजन पाहतो, बळ पाहत नाही. १ किलोपर्यंत ‘अल्प’ आणि २० किलोंपुढे ‘व्यापारी’ प्रमाण, हा हिशेब उसाच्या फडात लपवून लावलेल्या गांज्यास आणि बँकॉकच्या पाकिटास सारखाच लागू होतो.

विजेच्या उन्हाची किंमत आणखी निराळी. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे, अमेरिकेत बंद जागेत १ किलो वाळला फुलोरा तयार करताना, ठिकाणपरत्वे, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डाय-ऑक्साइडइतके हरितगृह वायू हवेत जातात. आणि त्यांचा मोठा वाटा दिव्यांबरोबरच हवा गार, उबदार व कोरडी ठेवणाऱ्या यंत्रांचा असतो. ज्या पिकास सूर्य फुकट लाभतो, त्यासाठी दगडी कोळसा जाळणे, हे मला उधळपट्टीपेक्षाही गंभीर वाटते.

मग करावे काय? विल्यम केन या ब्रिटिश पार्लमेंटच्या सभासदाने १८९३ मध्ये गांज्याविषयी प्रश्न विचारला, तेव्हा सरकारने बंदीचा हुकूम काढण्याऐवजी चौकशी समिती नेमली. तिने ११९३ साक्षी घेतल्या, अहमदनगर, खांडवा आणि नौगावच्या लागवडीची माहिती जमवली, आणि बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, सबब समूळ बंदी नको, अबकारी बंदोबस्त हवा, असा निष्कर्ष काढला. त्या निष्कर्षास आज जसेच्या तसे स्वीकारणे मला धोक्याचे वाटते, कारण त्या समितीसमोरचा गांजा सूर्याचा होता. पण तिची रीत अनुकरणीय होती. आपल्या संसदेनेही साक्षी घ्याव्यात, खोलीतला गांजा आणि रानातला गांजा यांच्या बळाची मोजदाद करावी, आणि कुंडीतले एक रोप व एकरभर शेत यांस एकाच शिक्षेच्या मर्यादेत ठेवणे न्याय्य आहे काय, याचा निर्णय द्यावा.

तोवर, जर्मनीत वा कॅनडात नोकरीस असलेल्या आणि सुटीत घरी येणाऱ्या आपल्या मुलामुलींना एवढे अवश्य सांगावे: तिकडचा परवाना विमानात बसताना तिकडेच राहतो, आणि भारतात विनापरवाना लावलेल्या गांज्याच्या एका झाडासही कलम २० अन्वये दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.