दुआ आहेच, हुनरही हवा: दिव्यांगांना रोजीपर्यंत नेणाऱ्या सेवा

‘आमच्यानंतर याचं कोण बघणार?’ दिव्यांग मूल असलेल्या अम्मी-अब्बूंच्या मनात हा सवाल कायम असतो. बऱ्याच घरांत त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. भाऊ बघतील, रमजानमध्ये जकात येईल, अल्लाह मालिक आहे. अल्लाहवर भरवसा आपला आहेच. पण ‘हा स्वतः कमावू शकेल का?’ हे मात्र अनेक घरांत कोणी विचारतच नाही. मूल पंचविशीचं होतं, तोवर शाळा सुटलेली असते, हाताला काम नसतं आणि घराबाहेर पडायची सवयही मोडलेली असते.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दिव्यांगांची संख्या २९ लाखांच्या वर होती. यातले किती तरी जण आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच खानदानात आहेत. त्यांना काम मिळवून देण्यासाठी सरकारी व्यवस्था आहे, कायदाही आहे. माहिती नसल्यामुळे आपली माणसं तिथपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने समजून घेऊया.

व्यावसायिक पुनर्वसन म्हणजे काय?

शरीराचा कोणता भाग किती टक्के काम करत नाही, हे डॉक्टर सर्टिफिकेटवर लिहून देतात. उरलेल्या ताकदीवर माणूस कोणतं काम करू शकेल हे शोधणं, ते शिकवणं आणि त्याला कामाला लावून देणं, याला व्यावसायिक पुनर्वसन म्हणतात. जन्मापासून दिव्यांग असलेल्यांसाठी ते आहे, तसंच अपघातात पाय गमावलेल्या ड्रायव्हरसाठी किंवा मधुमेहामुळे नजर गेलेल्या कारागिरासाठीही आहे.

पहिलं पाऊल: यूडीआयडी कार्ड

यूडीआयडी म्हणजेच स्वावलंबन कार्ड. याच्याशिवाय पुढची बहुतेक दारं उघडत नाहीत. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. त्यानंतर सरकारी रुग्णालयात डॉक्टरांकडून तपासणी होते आणि टक्केवारी ठरते. नोकरीतलं आरक्षण आणि बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

इथे आपल्याकडे एक अडचण नेहमी येते. आधार कार्डावर नाव एका प्रकारे, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या प्रकारे. शेख कधी आधी, कधी नंतर. कुठे मोहम्मद पूर्ण, कुठे नुसतं ‘मो.’. हे आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर हेलपाटे वाढतात.

काही घरं मुलीचं कार्ड काढायला कचरतात. ‘रिश्ते येणार नाहीत’ अशी भीती असते. पण कार्ड नसल्यामुळे मुलीचं दिव्यांगत्व लपत नाही, तिचा हक्क मात्र बुडतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. बहिरेपणा आणि अंधत्वाबरोबर ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, थॅलेसेमिया, मानसिक आजार, ॲसिड हल्ल्यातल्या पीडित हेही त्यात येतात. आपल्याला माहीत नसतं आणि आपलं मूल त्यात बसत असतं.

दुसरं पाऊल: क्षमतेची चाचणी

केंद्र सरकारच्या श्रम मंत्रालयाने १९६८ मध्ये मुंबई आणि हैदराबाद इथे दिव्यांगांसाठी व्यावसायिक पुनर्वसन केंद्रं सुरू केली. आज देशात अशी वीसपेक्षा जास्त केंद्रं आहेत. त्यांचं आताचं नाव ‘दिव्यांगांसाठी राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र’ असं आहे. मुंबईतलं केंद्र सायनला आहे.

इथे माणसाची नुसती कागदपत्रं तपासत नाहीत. मानसशास्त्रज्ञ बोलतात, आवड आणि समज पाहतात. वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष काम देऊन हात कसा चालतो, किती वेळ बसता येतं, बारीक काम जमतं का, हे बघतात. त्यावरून कोणता धंदा किंवा नोकरी झेपेल याचा सल्ला मिळतो. घरच्यांना जे ‘याला काही जमत नाही’ वाटतं, ते इथे बऱ्याचदा खोटं ठरतं. ही सेवा मोफत आहे. कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

तिसरं पाऊल: शिक्षण आणि साधनं

केंद्रागणिक शिकवण्या वेगळ्या असतात. कॉम्प्युटर, शिवणकाम, इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती असे विषय असू शकतात. त्याशिवाय दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार खास संस्था आहेत. बोलणं-ऐकणं यासाठी वांद्र्याला १९८३ पासून राष्ट्रीय संस्था आहे. तिला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल अली यावर जंग यांचं नाव आहे. हातपाय, चालणं, कृत्रिम पाय यासाठी हाजी अलीजवळची १९५५ पासूनची केंद्र सरकारची संस्था आहे. दृष्टिहीनांसाठी मुंबईत १९५२ पासून नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड काम करते.

व्हीलचेअर, श्रवणयंत्र, तीनचाकी अशी साधनं कमी उत्पन्नाच्या घरांना केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून मिळू शकतात. स्क्रीन वाचून दाखवणारं ‘एनव्हीडीए’ नावाचं सॉफ्टवेअर तर मोफत आहे. ते वापरून दृष्टिहीन मुलं कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम करतात.

चौथं पाऊल: नोकरी किंवा स्वतःचा धंदा

सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के आरक्षण आहे आणि सरकारी अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के. जाहिरात बघताना शैक्षणिक पात्रतेबरोबर ‘हे पद कोणत्या दिव्यांगत्वाला योग्य’ हा रकाना जरूर बघा. खासगी कंपन्यांना हे आरक्षण सक्तीचं नाही. पण दिव्यांगांसाठी समान संधीचं धोरण जाहीर करणं कायद्याने प्रत्येक आस्थापनेवर आहे. त्यामुळे मोठ्या कंपन्यांत अर्ज करायला लाजू नका.

सरकारी नोकरीत असताना अपघात किंवा आजाराने दिव्यांगत्व आलं, तर त्या कारणावरून काढता येत नाही. पहिलं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. हे माहीत नसल्यामुळे कोणी घाबरून स्वतःच राजीनामा देऊन बसू नये. भेदभाव झाला तर पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते.

धंदा करायचा असेल तर राष्ट्रीय दिव्यांगजन वित्त व विकास महामंडळाचं कर्ज आहे. महाराष्ट्रात राज्याच्या दिव्यांग महामंडळामार्फत अर्ज जातो. हे कर्ज आहे, फेडावं लागतं. म्हणून आधी शिक्षण, मग मशीन. व्याजाबद्दल मनात शंका असेल तर आपल्या आलिमांशी बोला, आणि जमातीतून कर्ज-ए-हसना मिळतं का तेही बघा.

घर आणि जमात काय करू शकते?

केंद्रं मोठ्या शहरांत, आणि आपली माणसं मालेगाव, परभणी, महाड, अक्कलकोटच्या गल्ल्यांत. पहिल्या दिवशी बरोबर जाणारं कोणी नसतं, इथेच गाडी अडते. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना सवलत आहे, मुंबईच्या लोकलमध्ये वेगळा डबा आहे. पण अर्ज भरून देणारा, बरोबर जाणारा माणूस घरातून किंवा मोहल्ल्यातूनच यायला हवा. जुम्म्याच्या दिवशी मशिदीत दिव्यांग तपासणी शिबिराची तारीख सांगितली तरी दहा घरांचं काम होतं. बैतुलमालमधून दरवर्षी राशनचं किट जातं, ते जाऊ द्याच. त्याच माणसाला शिकल्यावर शिलाई मशीन किंवा दुरुस्तीची हत्यारं घेऊन देता येतील का, हे आलिमांना विचारून ठरवा. मशिदीच्या पायऱ्यांना बाजूने उतार केला, तर व्हीलचेअरवाला निदान जमातीत तरी दिसेल.

हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते. प्यारे नबी (स.) यांनी त्यांना अजान देण्याचं काम दिलं, आणि स्वतः मदिन्याबाहेर जाताना मदिन्याची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली. त्यांच्यावर कोणी नुसती दया दाखवली नाही, त्यांना काम दिलं, जबाबदारी दिली.

आपल्या घरात असं कोणी असेल तर या आठवड्यात एवढंच करा: त्याचं कार्ड निघालंय का ते बघा. आणि त्यालाच विचारा, ‘तुला काय करायला आवडेल?’ कदाचित हा सवाल त्याला आजवर कोणी विचारलाच नसेल.