घोडेगावहून कळसूबाई : आपल्याच जिल्ह्यातली शिखरं

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, हे शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. कळसूबाई, उंची 1,646 मीटर. पण घोडेगाव, सोनई, चांदा या पट्ट्यातली किती माणसं प्रत्यक्ष तिथं जाऊन आली, असं विचारलं तर हात थोडेच वर होतील. शिंगणापूर, देवगड, मोहटादेवी ही आपली नेहमीची ठिकाणं. कळसूबाईचा अकोले तालुका मात्र कुठंतरी लांब, नाशिककडे आहे असं वाटत राहतं. तो जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे हे खरं. पण पहाटे गाडी काढली तर सकाळच्या नाश्त्यानंतर थोड्याच वेळात तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी असता. तिथं पहिल्यांदाच जाऊ पाहणाऱ्या आपल्या भागातल्या माणसांसाठी ही माहिती.

आपलं पाणी तिथलं

प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते. तिच्यावर भंडारदऱ्याला विल्सन धरण आहे. 1910 साली बांधकाम सुरू झालं, 1926 साली पूर्ण झालं. साठा सुमारे 11 टीएमसी. तीच प्रवरा पुढे संगमनेर, श्रीरामपूर करत नेवाशाला येते आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. तिच्याच काठी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. मुळा नदी हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून निघते, राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरच्या धरणात अडते. हा साठा 26 टीएमसीचा, आणि त्याचा उजवा कालवा नेवासे तालुक्यात पाणी आणतो.

आपल्याकडे पावसाने डोळे वटारले तरी कालव्याला पाणी सुटतं, कारण भंडारदऱ्याच्या वरच्या घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात नेवाशाच्या अनेकपट पाऊस कोसळलेला असतो. सोनईच्या कारखान्याला जाणारा ऊस ज्या पाण्यावर वाढतो, ते पाणी आधी तिथल्या कड्यांवरून उतरलेलं असतं. माझ्या मते आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्याने तिकडे एकदा तरी जावं याचं पहिलं कारण हेच आहे. शिखराची उंची त्यानंतर.

डोंगर असा पायऱ्यापायऱ्यांचा का

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार तयार झालं. आपल्या शेतातली काळी माती याच बेसॉल्ट खडकाची झीज होऊन झालेली. घट्ट थर सहज झिजत नाही, त्याचा उभा कडा होतो. मऊ थर झिजतो, तिथं उतार आणि कपारी होतात. चढताना हे पायांना कळतं : थोडी सोपी चाल, मग एकदम खडा टप्पा, पुन्हा सोपी चाल. भूशास्त्रज्ञांनी या लाव्ह्याच्या खालच्या, म्हणजे जुन्या, थरांच्या एका मोठ्या गटाला कळसूबाईचंच नाव दिलेलं आहे.

आधी जवळ सराव

सपाटीवर राहणाऱ्या माणसाने थेट कळसूबाई गाठली की गुडघे बोलू लागतात, विशेषतः उतरताना. त्याआधी महिनाभर आठवड्यातून एकदा जवळचा डोंगर चढावा. इमामपूर घाट ओलांडला की डोंगरगणजवळचा मांजरसुंबा गड आणि गोरक्षनाथ गड सहज होतात. नगरजवळचा चांदबिबी महाल म्हणून आपण ज्याला ओळखतो, ती वास्तू खरं तर सलाबतखानाची कबर आहे; तीही चांगल्या उंच डोंगरावर आहे. वर गाडी जाते, पण सरावासाठी खालून चालत जावं. पाठीवर दोन लिटर पाणी घेऊनच चढावं, कारण कळसूबाईच्या दिवशीही ते घ्यावंच लागणार आहे.

कळसूबाई

घोडेगावहून शिंगणापूर, राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी आणि मग बारी, असा रस्ता आहे. अंतर दीडशे किलोमीटरहून जास्त आणि वेळ चार-साडेचार तास धरावा. एसटीने जाणाऱ्यांनी संगमनेर-अकोले करत राजूर गाठावं आणि पुढच्या गाडीची चौकशी तिथंच करावी. आदल्या संध्याकाळी बारीत किंवा भंडारदऱ्याला मुक्काम केला तर उजाडता उजाडता चढायला लागता येतं, आणि तेच योग्य.

बारी गावातून वाट भातखाचरांच्या बांधावरून निघते. चढ साधारण आठ-नऊशे मीटरचा आहे. सवय नसलेल्या माणसाला तीन-साडेतीन तास लागतात, उतरायला दोन-अडीच. वाट मळलेली आहे, चुकण्यासारखी नाही. जिथं कडा उभा आहे तिथं लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. शिडीवर एका वेळी मोजकीच माणसं असावीत. हात कठड्यावर, तोंड शिडीकडे, उतरतानाही तसंच. पावसाळ्यात लोखंड ओलं असतं आणि चिखलाने भरलेले बूट पायरीवर टिकत नाहीत. शिडीला पाय लावण्याआधी बुटाचा तळ दगडावर घासून घ्यावा. शनिवार-रविवारी इथं रांग लागते. मागून ढकलणाऱ्या उत्साही टोळक्याला आधी जाऊ द्यावं.

वर कळसूबाईचं छोटंसं देऊळ आहे. दोन-तीन माणसं आत मावतील एवढंच. महादेव कोळी समाजाची ही देवी. कथा अशी सांगतात : कळसू नावाची मुलगी इंदोरे गावात पाटलाच्या घरी कामाला राहिली, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही या अटीवर. एक दिवस अट मोडून तिला ते काम सांगितलं गेलं. तिने ते केलं आणि डोंगरावर निघून गेली, ती परतलीच नाही. जिथं तिने भांडी घासली ती जागा आजही थाळेमेळ म्हणून दाखवतात. आपल्या शब्दाला जागणाऱ्या, कामकरी मुलीला या लोकांनी राज्याच्या सर्वांत उंच जागी बसवलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. नवरात्रात इथं यात्रा भरते, आजूबाजूच्या गावांतल्या बायाबापड्या कसलीही साधनं न घेता वर येतात.

आकाश मोकळं असेल तर पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे तीन गड एका ओळीत दिसतात. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी, त्यामागे रतनगड, आणखी मागे हरिश्चंद्रगडाचा पसारा. उत्तरेकडे नाशिकचे डोंगर. वारा मात्र जोराचा असतो; घामाने भिजलेल्या अंगाला तो लागतो, म्हणून वर पोचल्यावर घालायला एक कोरडा सदरा जवळ हवाच.

हरिश्चंद्रगड

कळसूबाई पायाची परीक्षा घेते, हरिश्चंद्रगड एका दिवसात पुरा होत नाही म्हणून थांबायला लावतो. राजूरहून पाचनईला जावं. तिथून वर जाणारी वाट सर्वांत सोपी. ओढ्याच्या कडेने, बाहेर झुकलेल्या कड्याखालून ती दोन-अडीच तासांत पठारावर नेते. जुन्नरकडच्या खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांबची आहे. तिसरी, कोकणातून चढणारी नळीची वाट, जाणकारांसाठीच. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तिचं नावही काढू नये.

हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर खडकाच्या खोलगट जागेत उभं आहे. जवळच केदारेश्वराची गुहा. आत पुरुषभर उंचीच्या आसपासचं शिवलिंग, भोवती कमरेएवढं पाणी. लिंगाभोवती चार खांब होते, त्यांतला एकच धड उरला आहे. पाणी उन्हाळ्यातही इतकं गार असतं की प्रदक्षिणेला उतरलेला माणूस पहिल्या दोन पावलांत श्वास रोखून धरतो. चांगदेवांनी या गडावर तप केलं आणि 'तत्त्वसार' इथंच रचला, अशी परंपरा आहे. ज्ञानेश्वरांमुळे नेवाशाच्या माणसाला हे नाव परकं नाही.

कोकणकडा गडाच्या पश्चिम अंगाला. तो नुसता उभा नाही, मधून आत वळलेला आहे, त्यामुळे काठावरून खाली पाहिलं तर कड्याची भिंत दिसत नाही, एकदम कोकण दिसतं. पाहायचंच असेल तर पोटावर झोपून पाहावं आणि मागे कोणीतरी पाय धरावेत. कधी सकाळी सूर्य पाठीशी आणि समोर दरीत धुकं असेल तर धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य उमटतं. याला इंद्रवज्र म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ते इथं पाहून नोंदवलं होतं. गडाचं सर्वांत उंच टोक तारामती, 1,400 मीटरहून थोडं जास्त. मंदिरापासून तासाभरात होतं.

इतर गड

रतनगड 1,297 मीटर. पायथ्याला रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, वर खडकाला आरपार पडलेलं भोक, त्याला नेढं म्हणतात. तिथं बसलं की वारा अंगातून जातो. इथंही शिड्या आहेत. वयस्कर माणसं बरोबर असतील तर पट्टा किल्ला निवडावा, चढ कमी आहे. जालन्याच्या स्वारीनंतर 1679 साली शिवाजी महाराज इथं विश्रांतीसाठी राहिले, म्हणून तो विश्रामगड. अलंग-मदन-कुलंगला दोर आणि अनुभवी माणूस लागतो.

कधी जावं

जून ते ऑगस्ट डोंगर ढगांत असतो. धबधबे दिसतात, शिखरावरून मात्र काही दिसत नाही, आणि निसरड्या वाटेवर अपघात याच दिवसांत होतात. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की सोनकीच्या फुलांनी पठारं पिवळी होतात. कारवी मात्र सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. आपल्याकडे कांद्याची लागण आणि उसाची तोड पाहून दसरा ते दिवाळी यांमधले दिवस मोकळे मिळाले तर ते सर्वांत चांगले. फेब्रुवारीपर्यंत जाता येतं. त्यानंतर ऊन आणि पाण्याची टंचाई. मेअखेरीस भंडारदऱ्याला काजवे पाहायला गर्दी होते, तेव्हा वनखातं गाड्यांवर निर्बंध घालतं.

जंगल आणि गावं

यातला बहुतेक भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. 1986 साली ते जाहीर झालं, क्षेत्र सुमारे 362 चौरस किलोमीटर. बिबट्या, सांबर, भेकर, तरस आणि आपला राज्यप्राणी शेकरू इथं आहे. प्रवेशाचं शुल्क, तंबू आणि चुलीचे नियम वेळोवेळी बदलतात. निघण्याआधी विचारून घ्यावं. कड्यांना आग्या मोहोळं असतात, म्हणून धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही.

वाटेच्या खुणांबाबत एक तुलना : दक्षिण इटलीत पोल्लिनो नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, 1993 सालचं. तिथल्या 2,267 मीटरच्या सेर्रा दोल्चेदोर्मे शिखराकडे जाणाऱ्याला झाडांवर, दगडांवर रंगवलेल्या लाल-पांढऱ्या पट्ट्या वाट दाखवतात. आपल्याकडे पट्ट्या कमी, पण गावं अगदी डोंगराला चिकटून आहेत. वाट दाखवायला बारीचा, पाचनईचा, रतनवाडीचा माणूस मिळतो, आणि तो घ्यावाच. त्याला पैसे ठरवून, पुरते द्यावेत. जेवणही गावातच सांगावं : नागलीची नाहीतर तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. पावसाळी भात, हिरड्याची विक्री आणि आता पर्यटक, यांवर इथली घरं चालतात. घरून डबे नेऊन प्लास्टिक तिथं टाकून येण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

हा मुलूख लढलेला आहे. देवगावचे राघोजी भांगरे इंग्रजांविरुद्ध उठले, त्यांना 2 मे 1848 रोजी ठाण्याला फाशी झाली. भंडारदऱ्याच्या जलाशयाला आता त्यांचं नाव आहे. देशी बियाणं जपणाऱ्या, कोंभाळण्याच्या बीजमाता राहीबाई पोपेरेही याच तालुक्यातल्या.

काही बिघडलं तर

फोनला सगळीकडे रेंज नसते. म्हणून कोणत्या वाटेने, कोणाबरोबर आणि किती वाजेपर्यंत उतरणार, हे घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून ठेवावं. कोणाला इजा झाली तर सगळ्यांनी मिळून खाली पळू नये : एकाने जखमीजवळ थांबावं, दोघांनी गावात यावं. गावातली पोरं झोळी करून माणूस उतरवतात, त्यांना तो डोंगर पाठ असतो. रेंज मिळाली की 112 किंवा 108 लावावा. धुकं दाटलं आणि वाट दिसेनाशी झाली तर जिथं आहात तिथं बसावं, ओढ्याच्या पात्रातून खाली उतरायचा प्रयत्न करू नये. इथले ओढे थेट कड्यावर जातात. दुपारी दोनपर्यंत शिखर झालं नाही तर तिथूनच मागे फिरावं.