लाल दिवा लागला की 'पुढच्या फाट्यापर्यंत' नाही: पिकअपच्या ऑईल पंपाचा हिशोब

पिकअप घेऊन भाड्याचा धंदा सुरू करायचा म्हटलं की आपण हप्ता, डिझेल, टायर, विमा, ड्रायव्हरचा पगार असा सगळा हिशोब मांडतो. इंजिनच्या ऑईल पंपाचं नाव त्या कागदावर कधीच नसतं. पण हा छोटासा भाग बंद पडला तर गाडी गॅरेजमध्ये उभी, भाडं बंद, आणि हप्ता मात्र चालूच. म्हणून धंद्याच्या चॅनलवर आज इंजिनबद्दल बोलतोय.

पंपाचं काम साधं आहे. इंजिनच्या तळाशी चेंबरमध्ये ऑईल असतं. पंप ते जाळीतून ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि क्रँक, कॅम, टर्बोपर्यंत दाबाने पोचवतो. चालू इंजिनमध्ये क्रँक बेअरिंगवर टेकलेली नसते, ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असते. दाब गेला की तो थर जातो, धातूवर धातू घासतो, आणि थोड्याच वेळात इंजिन जाम.

डॅशबोर्डवर किटलीसारखं चित्र असलेला लाल दिवा असतो. बऱ्याच जणांना वाटतं की तो ऑईल कमी झाल्याचा दिवा. तसं नाही! तो दाब कमी झाल्याचा दिवा आहे. चेंबर काठोकाठ भरलेलं असलं तरी तो लागू शकतो. आणि तो फार उशिरा लागतो, हे नीट लक्षात घ्या. गरम इंजिनला हजार आरपीएममागे साधारण 10 पीएसआय दाब हवा, ही मिस्त्री लोकांची जुनी ढोबळ मोजणी. खरा आकडा प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. पण दिव्याचा स्विच बहुतेक गाड्यांत दाब 4 ते 8 पीएसआयच्या आसपास उतरल्यावरच जागा होतो. म्हणजे दिवा लागला तेव्हा इशाऱ्याची वेळ निघून गेलेली असते.

आता समजा, चिंचपाड्याहून माल भरून तुम्ही धुळ्याकडे निघालात आणि कोंडाईबारीच्या घाटात दिवा लागला. ड्रायव्हर म्हणणार, "भाऊ, दहिवेलपर्यंत जाऊ, तिथे कुणीतरी बघेल." इथेच धंदा बुडतो. गाडी बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा, दुसरी गाडी बोलवून माल त्यात टाका. टोचन करून आणायचा खर्च टोचतो, मान्य. पण इंजिन उतरवून क्रँकचं काम करायचा खर्च आणि तोवरची बुडालेली भाडी आपल्या वहीत एकदा लिहून बघा, मग टोचन स्वस्त वाटेल. ड्रायव्हर पगारी असेल तर त्याला पहिल्याच दिवशी सांगा की दिवा लागल्यावर गाडी थांबवली म्हणून कुणी ओरडणार नाही. मालकाच्या भीतीने गाडी रेटली जाते, हे मी दुकानात रोज ऐकतो.

दिव्याच्या आधीही इंजिन बोलतं. सकाळी स्टार्ट केल्यावर टॅपेटची टकटक बराच वेळ थांबत नाही. गाडी तापल्यावर, रिकाम्या रेसवर दिवा मिणमिणतो आणि रेस दिली की विझतो: ऑईल पातळ झालंय किंवा पंप, बेअरिंग झिजलंय. चढाला किंवा वळणावरच मिणमिणत असेल तर आधी ऑईलची पातळी बघा, कारण तिरप्या गाडीत ऑईल एका बाजूला सरकतं आणि जाळी उघडी पडते. खालून जाड, दबका ठोका येत असेल तर मात्र गाडी चालवूच नका.

माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे, पंप विकला तर मलाच पैसे मिळतात. तरी सांगतो, आधी पंप घेऊ नका. पंप स्वतः क्वचित खराब होतो. आधी पट्टी काढून पातळी बघा, मग फिल्टर, मग स्विच आणि त्याची वायर. त्यानंतर मिस्त्रीला स्विच काढून त्या जागी प्रेशर मीटर लावायला सांगा. मीटर न लावता "पंप गेला" म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे मी तरी गाडी देणार नाही. बऱ्याचदा दोष जाळीत सापडतो: वेळेवर न बदललेल्या ऑईलचा काळा गाळ, किंवा चेंबर बसवताना सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे. आपल्याकडच्या पाड्यांच्या रस्त्यांवर दगड लागून चेंबर आत चेपतं आणि जाळीचं तोंडच झाकलं जातं. म्हणून खालून एकदा वाकून बघा.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. डिसेंबर 2023 मध्ये फोर्डने अमेरिकेत सुमारे 1 लाख 40 हजार फोकस आणि इकोस्पोर्ट गाड्या परत बोलावल्या. पंप फिरवणाऱ्या पट्ट्याचा टेन्शनर तुटून ऑईलचा दाब जाण्याचा धोका होता. त्यातल्या इकोस्पोर्ट आपल्या चेन्नईजवळच बनलेल्या.

पंपाची देखभाल म्हणजे खरं तर ऑईलची देखभाल. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं ऑईल घ्या, सोबत फिल्टर बदला, किलोमीटर वहीत लिहा. पातळी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी बघा. वरच्या खुणेच्या पुढे भरू नका, क्रँक ऑईलचा फेस करते आणि पंप फेस ओढतो. बीएस-6 डिझेल गाडी नवापूर-चिंचपाडा अशा छोट्या खेपाच करत असेल तर उलटं होऊ शकतं, ऑईलची पातळी वाढते. डीपीएफ साफ होण्याचं काम अर्धवट राहतं आणि डिझेल ऑईलमध्ये उतरून ते पातळ करतं. वाढलेली पातळी बघून खूश होऊ नका.

सेकंडहँड पिकअप घेताना एक तपासणी फुकटात होते. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. लाल दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी वायर काढून ठेवलीय. इंजिन चालू केल्यावर तो दोन-तीन सेकंदांत विझला पाहिजे. ही तपासणी गाडी थंड असताना आणि नंतर अर्धा तास पळवून, तापल्यावर, अशी दोनदा करा. विकणाऱ्याने तुम्ही पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

आणि पंप खरंच बदलायची वेळ आली, तर काम चालू असताना गॅरेजमध्ये थांबा. चेंबर आणि जाळी धुतली का, नव्या पंपात बसवण्याआधी ऑईल भरलं का, इंधन बंद ठेवून स्टार्टर मारत आधी दाब तयार केला का, हे बघा. चेंबरच्या तळाशी चमकणारा चुरा दिसला तर नुसता पंप बदलून गाडी बंद करू देऊ नका, बेअरिंग उघडून दाखवायला सांगा.