कोंदणाआधीचा ठसा

खडा जडवलेला चांदीचा दागिना पाहिला की दाद मिळते ती कोंदण बसवणाऱ्या सोनाराला. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीत मात्र कारागिरी त्याच्याही आधी सुरू होते. तिथले कारागीर दागिन्यांच्या डाय, म्हणजे पोलादी ठसे, घडवतात. नक्षी पोलादात उलटी कोरायची, मग त्याला पाणी देऊन कठीण करायचे. चांदीचा पातळ पत्रा त्यावर दाबला की पाकळी, वेलबुट्टी उठून येते. मोठा, पोकळ दागिनाही त्यामुळे कमी चांदीत होतो. खडा मात्र शेवटीच बसतो, कारण झाळकामाची आच अनेक खड्यांना सोसत नाही. कोंदणाची कड खड्यावर दाबून वळवायची असते; शुद्ध चांदी इतकी मऊ की ती सहज वळते, पण लवकर झिजते. म्हणून अनेक दागिन्यांत 92.5 टक्के चांदी आणि उरलेले बहुधा तांबे असते.

ठशाचे दागिने एकसारखे, म्हणून त्यांत कला नाही, असा आक्षेप घेतात. एकसारखेपणा खराच. पण पोलादात चुकलेली रेघ प्रत्येक दागिन्यात उमटते, तेव्हा कोरणाऱ्या हाताची कसोटी उलट कडकच असते. संगणकावर चालणारी यंत्रे आता हेच कोरीवकाम झपाट्याने करतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरीही पाकळीला किती खोली दिली तर पत्रा फाटणार नाही, हा अंदाज यंत्राला आधी कुणीतरी सांगावाच लागतो. कारागिराचे नाव दागिन्यावर नसते, एवढ्यावरून त्याला मजूर ठरवणे मला पटत नाही.